कंठगुंजन वटी आणि श्यामकांतची जीभ

श्यामकांत टिपणीसच्या आवाजाबद्दल बोलायचा अधिकार बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यात कुणाला असेल, तर तो मला आहे. मी त्याचा प्रॉम्प्टर होतो. चौदा वर्षं विंगेत स्टुलावर बसून, हातात वही धरून, मी त्याला त्याची वाक्यं पुरवली. टाळ्या त्याला पडायच्या आणि डास मला चावायचे. याचं मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं, आणि अजूनही वाटतं.

आम्ही दोघं अंबरनाथ एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात कामाला होतो. मी डिस्पॅचला क्लार्क, तो लॅबोरेटरीत असिस्टंट. दिवसभर काचेच्या नळ्यांतून निळे-जांभळे रंग ढवळायचे आणि साडेचारचा भोंगा झाला की कँटीनमागच्या शेडमध्ये तालमीला यायचं. दरवर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत आमच्या कारखान्याचं नाटक असे, आणि दरवर्षी श्यामकांत त्यात राजा, सरदार किंवा कडक बाप असे. अभिनयाचं म्हणाल तर डावा हात वर गेला की राग आणि उजवा वर गेला की दुःख, एवढंच त्याचं भांडवल. पण आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेत शेंगा सोलणाऱ्याचा हात थांबावा.

अडचण एकच होती. हा आवाज तो स्टेजपुरता ठेवत नसे. एसटीच्या रांगेत, वाण्याच्या दुकानात, अगदी कुणाच्या दहाव्याला गेला तरी तो सुरूच. कोथिंबिरीची जुडी केवढ्याला हेसुद्धा तो किल्ल्याच्या बुरुजावरून विचारल्यासारखं विचारायचा. त्याची बायको वृंदावहिनी मला एकदा म्हणाल्या, "भावजी, आमच्याकडे रेडिओ आहे. पण शेवटचा कधी लावला होता ते आठवत नाही मला."

शहाऐंशी साली हा आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग फाटला, मग नुसती हवा यायला लागली. ठाण्याच्या डॉक्टरांनी घशात गाठी आल्यात असं सांगितलं. आराम द्या, नाहीतर ऑपरेशन. स्पर्धा दोन महिन्यांवर होती. श्यामकांत माझ्या टेबलापाशी आला, डिस्पॅचचं एक कोरं चलान ओढून घेतलं आणि त्यावर लिहिलं, "दिनू, आवाज गेला तर मी नुसता लॅब असिस्टंट." त्या दिवशी मात्र मला त्याची थट्टा करावीशी वाटली नाही. ते चलान मी बरेच दिवस खणात ठेवलं होतं.

त्याला वाचवलं विठानं. विठा बदलापूर स्टेशनबाहेर भाजी विकायची. जवळच्याच गावातली, घरचं शेत, आणि टोपलीत एका बाजूला पालेभाजी तर दुसऱ्या बाजूला कसकसल्या मुळ्या आणि पाले. श्यामकांत हातवारे करून कोथिंबीर मागतोय हे बघून ती म्हणाली, "सरदार, गला बसला कं तुजा?" आणि तिनं त्याला गुंजेचा पाला दिला. गुंज म्हणजे ती लाल-काळी बी येते त्या वेलीचा. बी विषारी, पण पानं गोड लागतात आणि गाणारे लोक विड्यात घालतात, इतपत मलाही माहीत होतं. विठाचं पथ्य मात्र कडक होतं. विडा करून गालात धरायचा, एकवीस दिवस. "तोंडान पान हाय तवर बोलाचा नाय," ती म्हणाली. "बोललास त गुन गेला."

एकवीस दिवस श्यामकांत गालात विडा धरून गप्प राहिला. लॅबमध्ये गप्प, तालमीत गप्प, घरी गप्प. वृंदावहिनींच्या अंगावर त्या तीन आठवड्यांत मूठभर मांस चढलं. बाविसाव्या दिवशी त्यानं तोंड उघडलं आणि आवाज परत आला होता, पूर्वीइतकाच खणखणीत.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. माणसानं विठाला एक लुगडं नेसवावं आणि नाटकाला लागावं. पण श्यामकांतला साक्षात्कार झाला. निसर्गात सगळं आहे, आपणच करंटे, असं तो म्हणायला लागला. टिपणिसांच्या घरात बोंबील बंद झाले. कायस्थाच्या घरात बोंबील बंद होणं म्हणजे काय ते ज्याला कळतं त्याला कळेल. मटण गेलं, अंडं गेलं, चहा गेला, पुढे गाईचं दूधही वासराचं म्हणून गेलं. सकाळी दुधीचा रस, दुपारी मोड आलेली मटकी, संध्याकाळी दूर्वांचा रस. गणपतीला वाहून उरलेल्या दूर्वा हा माणूस वाटून प्यायचा.

आणि मग व्याख्यानं. गणेशोत्सवाच्या मांडवात, कँटीनमध्ये, विठ्ठलवाडी डेपोच्या बाकावर, जिथे दोन माणसं बसलेली दिसतील तिथे. "केमिकल म्हणजे विष," असं तो गरजायचा, तेव्हा त्याची नखं कारखान्यातल्या निळीनं निळी असायची. मी एकदा ती नखं त्याला दाखवली. तो म्हणाला, "ते उदरनिर्वाहासाठी."

व्याख्यान ऐकून लोक पाला मागायला लागले, पण गालात विडा धरून एकवीस दिवस गप्प बसायची तयारी कुणाची असणार? तेव्हा श्यामकांतनं पथ्य काढून टाकलं आणि पाल्याची गोळी केली. कंठगुंजन वटी. पाला वाळवायचा, कुटायचा, ज्येष्ठमधाच्या पाण्यात मळायचा आणि गोळ्या वळायच्या. शोध त्याचा, वळणं वृंदावहिनींचं. विकायला उल्हासनगरात, कॅम्प दोनमध्ये खूबचंदचं दुकान होतं. काजळापासून कायमचूर्णापर्यंत सगळं तो ठेवायचा. त्यानं डबी उघडून बघितली आणि परत केली.

"साईं, माल अच्छा होगा," तो म्हणाला. "लेकिन ये तो बकरी का लेंडी दिखता है. पब्लिक को पत्ता बोला, तो पब्लिक को हरा मंगता."

खूबचंदचं चूक नव्हतं. पाला वाळला की काळपट होतो, हा निसर्गाचा नियम. श्यामकांतच्या निसर्गाला तो मंजूर नव्हता. पुढच्या आठवड्यात गोळ्या हिरव्यागार होऊन आल्या, बघणाऱ्याला वाटावं आत्ताच वेलीवरून उतरल्यात. कशा झाल्या हे मी विचारलं, तर म्हणाला, "खायचाच रंग आहे. पिस्ता बर्फीत चालतो, मग इथे का नको?" रंगाच्या लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला प्रमाण काय शिकवायचं? खूबचंदनंही विचारलं होतं, "साईं, इतना हरा किधर से लाया?" त्यावर श्यामकांतनं त्याला सूर्यप्रकाशाबद्दल अर्धा तास ऐकवलं. वटी धडाधड खपायला लागली. आमच्या कारखान्यात तर खोकला नसलेले लोकही ती चघळायचे. जीभ हिरवी व्हायची. त्यावर श्यामकांतचं स्पष्टीकरण तयार होतं, की शरीरातलं विष बाहेर येतंय.

एक्याण्णव साली आमचं नाटक प्रथमच अंतिम फेरीत गेलं. ऐतिहासिक होतं, आमच्याच स्टोअरकीपरनं लिहिलेलं. श्यामकांत किल्लेदार. तिसऱ्या अंकात तो जखमी होऊन पडतो आणि मरण्यापूर्वी दीड पान बोलतो. सगळं नाटक त्या दीड पानावर उभं होतं आणि ते पान श्यामकांतच्या आवाजावर. पण वटीच्या प्रचारात त्यानं तो महिनाभर रोज झिजवला होता. शेवटच्या आठवड्यात आवाजाची कड मला फाटलेली ऐकू यायला लागली. प्रॉम्प्टरचे कान असतात. मी म्हटलं, "श्याम, चार दिवस गप्प बस. मी पाया पडतो तुझ्या."

"गप्प कशाला? वटी आहे ना," तो म्हणाला, आणि एकदम चार तोंडात टाकल्या.

प्रयोग अंबरनाथला होता. मैदानात मांडव, पुढे परीक्षक, मागे सगळा कारखाना बायकापोरांसकट. मध्यंतरात श्यामकांतनं प्रेक्षकांना एकेक वटी फुकट वाटायला लावली, परीक्षकांना दोन-दोन. लोकांनी चहाआधी वटी खाल्ली.

तिसरा अंक सुरू झाला. किल्लेदार पडला. "गडाच्या दगडांनो, ऐका," एवढं तो बोलला आणि आवाज गेला. पाच वर्षांपूर्वी गेला होता तसाच, नुसती हवा. मी वाक्य दिलं. त्याला वाक्य नको होतं, आवाज हवा होता, आणि तो माझ्या वहीत नव्हता. त्यानं माझ्याकडे मान वळवली. ते डोळे मी विसरलेलो नाही. मग मी स्टुलावरून उठलो आणि विंगेतून, जमेल तेवढ्या मोठ्यानं, किल्लेदाराचं भाषण सुरू केलं. चौदा वर्षं दबून बोललेला माणूस मी. माझा आवाज बारीक, किरटा. किल्लेदार पडल्या पडल्या तोंड हलवत होता आणि गडावरून डिस्पॅचचा कारकून बोलत होता.

तरीही निभावलं असतं. पण शेवटच्या वाक्याला श्यामकांतनं सवयीनं तोंड पूर्ण उघडलं, आणि फ्लडलाइटच्या उजेडात त्याची जीभ सगळ्या मांडवाला दिसली. हिरवीगार. मरणाऱ्या किल्लेदाराची.

पहिल्या रांगेतून हसू फुटलं आणि मागे पसरत गेलं. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. माणसं तोंड फाडून हसत होती आणि जिकडे बघावं तिकडे हिरव्या जिभा. मॅनेजरसाहेबांची हिरवी, युनियनच्या सेक्रेटरीची हिरवी, तिन्ही परीक्षकांच्या हिरव्या. मग शेजारी शेजाऱ्याची जीभ बघायला लागला आणि हसू हळूहळू थांबलं. लोक रुमालांनी तोंडं पुसायला लागले. बायकांच्या रांगेत एकट्या वृंदावहिनी अजून हसत होत्या. त्यांची जीभ लाल होती. वळणाऱ्या बाईनं ती वटी कधी तोंडात घातली नव्हती.

श्यामकांतला विनोदी अभिनयाचं उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं. खूबचंदनं उरलेल्या डब्या परत पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला विठाकडे नेलं. तो रडत होता, आणि रडण्यालाही आवाज नव्हता. विठानं जीभ बघितली आणि विचारलं, "यो कंचा पाला?" मी सगळं सांगितलं. तिनं त्याला नळावर चूळ भरायला पाठवलं आणि वृंदावहिनींना जवळ बसवून घेतलं.

"बाय, पाल्यान काय नाय," ती म्हणाली. "परसान पेरू आसल त पेरूचा दे. त्याचा तोंड मिटाय पायजे, म्हनून पान दिला व्हता. निसता गप ऱ्हा बोलले आसते, त ऱ्हायला आसता कं यो?"

वहिनी उठल्या. पिशवीत कोथिंबीर घेतली आणि निघाल्या.

पुन्हा एकवीस दिवस. मी रोज संध्याकाळी जायचो. तो गालात विडा धरून खुर्चीत बसलेला आणि माझ्याकडे बघून मान हलवणारा. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. त्याचा आवाज नसता तर मी तरी कोणाचा प्रॉम्प्टर होतो? बाविसाव्या दिवशी त्यानं विडा थुंकला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "दिनू."

भांड्यांच्या फळीवर वाट्या थरथरल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

"दिनू, पाल्याचा गुण बघितलास?" तो म्हणाला. "चूक वटीची नव्हती, रंगाची होती. आता आपण त्यात पालकाचा रस घालू. मी उद्याच खूबचंदला..."

वृंदावहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात परसातल्या पेरूच्या पानाचा विडा होता, लवंग टोचलेला. तो त्यांनी बोलता बोलता उघडलेल्या तोंडात सरकवला.

"विठाबाईंनी सांगितलंय, अजून एकवीस दिवस," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी रेडिओ लावला.