हा मजकूर अमेरिकेपुरता

प्रश्न विचारायला पाठवलेली माणसं आलुबोंडे खाऊन परत येतात आणि वर सांगतात, "बातमीत काही दमच नव्हता!" नाव कोणाचंच घेत नाही. ज्याला ठसका लागेल त्याने पाणी प्यावं.

मी चंद्रपुरातल्या एका छोट्या दैनिकात काम करते. नागपुरात पत्रकारिता शिकून इकडे आले तेव्हा वाटलं होतं, जंगल आहे, खाणी आहेत, धान आहे, तळी आहेत, लिहायला जन्म पुरायचा नाही! आमच्या संपादकांनी, म्हणजे रामटेके सरांनी, मला सातवं पान दिलं. सातवं पान म्हणजे जग. आणि जग म्हणजे बहुतेक दिवस अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांची तिथल्या पत्रकारांशी चाललेली भांडणं. ते रोज कोणावर तरी चिडतात, पत्रकार दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न विचारतात, आणि मी ते सगळं दोन कॉलमांत बसवते.

किस्से जमवायचे असं मी कधी ठरवलं नव्हतं. पण पेपरच्या ऑफिसात दोन गोष्टी न मागता साचतात, रद्दी आणि किस्से. रद्दीवाला महिन्यातून एकदा येतो. किस्से कोणी उचलून नेत नाही.

*

पहिल्याच महिन्यातला हा घोळ.

राष्ट्राध्यक्षांच्या विमानात सगळे पत्रकार मावत नाहीत. म्हणून पाळीपाळीने थोडेच जातात आणि पाहिलेलं, ऐकलेलं बाकीच्यांना कळवतात. त्या छोट्या गटाला इंग्रजीत 'पूल' म्हणतात. तर राष्ट्राध्यक्ष काही पत्रकारांवर रागावले आणि त्यांना त्या पूलमधून बाहेर ठेवलं, एवढीच एजन्सीची बातमी होती. मी 'पूल' हा शब्द तसाच ठेवला, खाली खुलासा लिहिला आणि घरी गेले.

आमच्याकडे पान लावायला बंडूभाऊ आहेत. वीस वर्षं हेच काम करतात. मजकूर जागेत बसला नाही तर ते तो अर्थासकट कापतात! माझा खुलासा कापला गेला. सकाळी सातव्या पानावर मथळा होता:

'राष्ट्राध्यक्षांनी पत्रकारांना पुलावर अडवले!'

"बंडूभाऊ, हा कुठला पूल?"

"मले का माहीत? तुमीच तं लिवला पूल. आता पुलावर मोठा मानूस दुसरं का करन? अडवनच!"

दुपारी ऑफिसात फोन आला. सावली तालुक्यातल्या एका गावातून शेवंताबाई बोलत होत्या. साठी उलटलेल्या, ढिवर समाजातल्या, गावच्या तळ्यातले मासे मूल गावच्या बाजारात नेऊन विकणाऱ्या. बातमी त्यांना नातीनं वाचून दाखवली होती.

"म्याडम, थो अमेरिकेचा पूल कोनं बांधला जी?"

मी सांगायला लागले की बाई, चूक झाली, तो पूल म्हणजे पूल नाहीच. त्यांनी मला मध्येच तोडलं.

"आमच्या नाल्यावर तीनदा नारळ फुटला, पूल काही दिसला नाई. त्याइले अडवलं म्हनता, पन अडवाले तरी पूल आहे न त्याइच्या इथी!"

दुसऱ्या दिवशी मी त्या गावाला गेले. गाव आणि डांबरी रस्ता यांच्या मध्ये नाला. पावसाळ्यात माशांची टोपली या काठावर आणि बाजार त्या काठावर. पाणी उतरायची वाट पाहत मासे टोपलीतच खराब होतात. पोरांची शाळा बुडते. बाळंतीण असली तर खाटेवर घालून चौघांनी न्यायची. भूमिपूजनाच्या तीन कोनशिला मात्र ठणठणीत आहेत. त्यातल्या एकीवर बाया धुणं धुतात.

मी बातमी लिहिली. सरांनी दोनदा वाचली.

"बातमी चांगली आहे," ते म्हणाले. "पण भाऊंची बाजू कुठे आहे? त्यांचं एक वाक्य आण. एकच. पहिल्या पानावर लावतो."

भाऊ म्हणजे त्या भागाचे पुढारी. सगळे त्यांना नुसतं भाऊच म्हणतात, मीही तेवढंच म्हणते. तर त्या एका वाक्यामागे मी किती फिरले, ते पुढच्या किश्शांत येईलच.

*

सरांना घाबरट म्हणणं सोपं आहे, आणि मी मनातल्या मनात खूपदा म्हटलंही आहे. पण तरुणपणी एका खाणीच्या बातमीपायी त्यांनी मार खाल्ला होता. हे मला बंडूभाऊंनी सांगितलं, सरांनी कधीच नाही. आता मात्र त्यांचं सगळं शौर्य अमेरिकेत खर्च होतं!

एकदा त्यांनी जबरदस्त अग्रलेख लिहिला. 'सत्ताधीशांनो, प्रश्नांना घाबरू नका!' राष्ट्राध्यक्षांची अशी हजामत केली होती की वाचून मी उभी राहिले. पान उलटलं तर समोर भाऊंच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात, भाऊ हात जोडून उभे.

दहा वाजता भाऊंच्या पीएचा फोन.

"सर, ते 'सत्ताधीश' कोन आहेत?"

"अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष!"

"नक्की न?"

"अहो, नाव छापलंय खाली."

"खाली कोन वाचते सर? वर लिहित जा न तसं!"

फोन ठेवून सर पुढच्या बातमीकडे वळले. बंडूभाऊंनी मात्र ती सूचना मनावर घेतली. पुढच्या अग्रलेखावर बारीक अक्षरांत एक चौकट होती: 'हा मजकूर अमेरिकेपुरता.'

*

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत पत्रकारांसाठी एक खोली आहे. कोणी कुठे बसायचं ते ठरलेलं असतं आणि खुर्चीवर संस्थेच्या नावाची पट्टी असते. रेस्ट हाउसवर भाऊंच्या पत्रकार परिषदेची वाट पाहताना मी हे शेजारच्या एका जुन्या पत्रकारांना मोठ्या कौतुकानं सांगत होते. आम्ही सगळ्यात मागे होतो, कारण पुढच्या तीन रांगांत भाऊंचे कार्यकर्ते बसले होते.

"आपल्या इथी बी खुर्चीवर नाव असते, ताई," ते म्हणाले.

"कोणाचं?"

त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ दाखवली. मंडप डेकोरेशनवाल्याचं!

त्यांना मी आणखी एक सांगितलं. तिथे एक जुना रिवाज होता. पत्रकार परिषद राष्ट्राध्यक्षांनी नाही संपवायची, पत्रकारांतल्या सगळ्यात जुन्या माणसानं संपवायची. तो "धन्यवाद, राष्ट्राध्यक्ष महोदय" म्हणाला की मग राष्ट्राध्यक्ष मोकळे.

"आन् आपल्याकडे कशी संपते, पाहा आता," ते म्हणाले.

भाऊ आले. रस्ते, विकास, शुभेच्छा. मी उभी राहिले.

"भाऊ, सावलीकडच्या नाल्यावरच्या पुलाचं तीन वेळा..."

"अरे, आलुबोंडे आणा न!" पीए ओरडला.

दार उघडलं. गरम आलुबोंडे, वर तर्री. कार्यकर्ते उठले, पत्रकार उठले, कॅमेरे बंद झाले. माझा प्रश्न उभ्याउभ्या थंड झाला.

नंतर कळलं की जुन्या मंडळींत यावर पैजा लागतात. आज बोंडा कितव्या प्रश्नाला येणार! "तुमचा पयलाच प्रश्न, ताई," ते जुने पत्रकार तोंडातला घास सांभाळत म्हणाले. "रेकॉर्ड आहे!"

*

राष्ट्राध्यक्ष हिरवळीवरून हेलिकॉप्टरकडे जाता जाता पत्रकारांशी बोलतात. मागे पंखा घरघरत असतो. सोयीचा प्रश्न ऐकू येतो, बाकीचे वाऱ्यावर जातात. ही माहिती मी सातव्या पानावर चौकटीत छापली होती. त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो, कारण भाऊंनी ती वाचली असावी.

त्यानंतर भाऊंना गाठावं तर त्यांची गाडी सुरू! ड्रायव्हर सीटवर, पाय ॲक्सिलरेटरवर. मी काचेजवळ जाऊन ओरडले, "भाऊ, पूल कधी होणार?"

भाऊंनी कानामागे हात धरला. "ऐकू येऊन नाई राह्यलं!"

"पूल! नाल्यावरचा!"

"नाई येत, ताई!"

मी हळूच, रोजच्या आवाजात म्हटलं, "वाढदिवसाच्या उशिरा शुभेच्छा, भाऊ."

"धन्यवाद, धन्यवाद!" भाऊ म्हणाले आणि काच वर गेली.

ऑफिसात येऊन मी सरांना म्हटलं, "घ्या, भाऊंचं एक वाक्य मिळालं." सर हसले नाहीत. बातमी ड्रॉवरमध्येच राहिली.

*

मग एके दिवशी पीएचाच फोन.

"म्याडम, ते पुलाची बातमी फेक न्यूज आहे."

"कोणती बातमी? आम्ही अजून छापलीच नाही!"

"म्हनून तं आजच सांगून राह्यलो. अमेरिकेत छापल्यावर बोंबलतात. मंग का फायदा?"

त्या माणसाच्या कार्यक्षमतेला माझा नमस्कार! पण त्या फोननं एक काम केलं. सरांना मी तो शब्दन् शब्द सांगितला. ते ड्रॉवर उघडून माझी बातमी तिसऱ्यांदा वाचत बसले. मग म्हणाले, "गुरुवारी त्याच नाल्यावर पुन्हा भूमिपूजन आहे. तू जा. उत्तर आण, किंवा उत्तर दिलं नाही हे सगळ्या गावासमोर होऊ दे. मी छापतो."

"नक्की?"

"त्या पानावर अमेरिका नसेल," सर म्हणाले.

*

चौथं भूमिपूजन.

पाऊस सरत आला होता, पण नाल्याला गुडघाभर पाणी होतं. भाऊ त्यांच्या उंच गाडीतून पार झाले. आम्हा पत्रकारांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पलीकडे नेलं. मांडव गावाच्या काठावर होता. गाडी चिखलात रुतू नये म्हणून दूर मोहाच्या झाडाखाली उभी केली होती. म्हणजे आज इंजिनची घरघर नाही, हे मी आधी पाहून घेतलं!

फोटोसाठी बायांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. शेवंताबाई बरोबर मधोमध. भाऊ यायच्या आधी मी त्यांच्याजवळ बसले आणि वेळ जावा म्हणून अमेरिकेतला तो धन्यवादाचा रिवाज सांगितला.

"म्हंजे त्यानं धन्यवाद म्हनल्याबिगर थो मोठा मानूस उठत नाई?"

"पूर्वी नाही उठायचा."

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा केला.

नारळ फुटला. चौथी कोनशिला उघडली. भाऊंचं भाषण झालं. "कोणाला काही विचारायचं असेल तर," असं ते सवयीनं म्हणाले, आणि मी उभी राहिले.

"भाऊ, याच पुलाचं हे चौथं भूमिपूजन आहे. आधीच्या तीन पुलांचं काय झालं?"

भाऊ हसले. "पत्रकार भगिनीनं चांगला मुद्दा मांडला. आपण सगळे मिळून विचार करू. सर्वांना धन्यवाद!" आणि ते उठायला लागले.

"बसा जी भाऊ."

शेवंताबाई उभ्या होत्या.

"धन्यवाद मी म्हनन. इथी सर्व्यात जुनी मी आहो."

मागून कोणीतरी हसलं. मग बाया हसल्या, मग सगळा मांडव. भाऊंना सगळ्यांदेखत उठता येईना. ते बसले. गावातल्या पोरांचे मोबाईल वर झाले. मी प्रश्न पुन्हा विचारला, त्याच शब्दांत. वही उघडी, पेन तयार. एकच वाक्य हवं होतं.

भाऊंनी पीएकडे पाहिलं. पीए धावत मांडवाबाहेर गेला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून नाल्याकडे ओरडला, "अरे, आलुबोंडे आणा न!"

पलीकडच्या काठावर डांबरी रस्ता संपतो तिथे आलुबोंडेवाला स्कूटर लावून उभा होता. मागे भलंमोठं पातेलं बांधलेलं, झाकणातून वाफ येत होती. त्यानं पाण्याकडे पाहिलं, स्कूटरकडे पाहिलं. मग इकडे तोंड करून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला:

"कसे आनू साहेब? पूल कुठी आहे?"