लाकडी बाहुला आणि शेवटचं दार

अब्बा दुबईत, खाडीकाठच्या एका जहाज कंपनीत कारकून होते. त्यांनी आम्हाला रत्नागिरीहून बोलावून घेतलं तेव्हा मी सात वर्षांची होते आणि भाऊ चारचा. अम्माला आमच्या कोकणी बोलीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. शेजारणी अरबीत काही विचारायच्या. ती हसून मान डोलवायची आणि हळूच दार लोटून घ्यायची.

दर गुरुवारी मगरिबच्या, म्हणजे संध्याकाळच्या नमाजानंतर कंपनीच्या अंगणात सिनेमा दाखवत. चुन्याची भिंत हाच पडदा. मोठ्या सिनेमाआधी एखादं छोटं कार्टून लागायचं. कुठल्या देशातलं, कोण जाणे. त्यात कुणी बोलत नसे, त्यामुळे ते अम्मालाही सगळं समजायचं. म्हणूनच ती यायची. अब्बा त्या वेळी कामावर असत. रिळं मोजकी होती, तीच ती फिरून लागत.

त्यातल्या एकात लाकडी बाहुला होता. डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा. लांबलचक बोळातून तो टक टक चालत जायचा, एकेक दार उघडायचा, आणि प्रत्येक दारामागे तीच रिकामी खोली. मागे करवत चालवल्यासारखं संगीत. भाऊ माझा दंड घट्ट धरायचा. शेवटचं दार आलं की अम्मा आम्हा दोघांची डोकी पदराखाली ओढून घ्यायची. पुढे काय झालं ते परतताना वाटेत सांगायची. दारामागे बाहुल्याची आई चुलीपाशी बसली होती, एवढा उशीर का केलास म्हणाली, आणि तव्यावरचा पहिला घावन तिने त्याला वाढला. आम्ही अगदी निर्धास्त होऊन घरी पोचायचो.

पुढच्या उन्हाळ्यात अम्मा बाळंतपणात गेली. बाळही गेलं. दोघांना तिथल्याच कब्रस्तानात दफन केलं. भाऊ रडला नाही. तो दाराशी बसून राहायचा, हाक मारली तरच आत यायचा. आमचं काय करावं ते अब्बांना सुचत नव्हतं. काही आठवडे असेच गेले आणि मग एका गुरुवारी ते आम्हाला पुन्हा सिनेमाला घेऊन गेले.

नेमका तोच बाहुला लागला. शेवटच्या दाराला मी डोळे मिटायला विसरले. दार उघडलं. आत तीच रिकामी खोली. बाहुला आत गेला, दार मिटलं, भिंत काळी झाली, आणि पावलांचा आवाज तेवढा थोडा वेळ येत राहिला.

भाऊ उठून थेट मशीनवाल्याकडे गेला. पुढचं दाखवा म्हणाला. मशीनवाला केरळकडचा होता. त्याने भावाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खलास, बेटा. इतनाही है." तेव्हा भाऊ रडायला लागला. अम्मा गेल्यापासून पहिल्यांदाच. अब्बांनी त्याला उचलून बाहेर आणलं.

वाटेत मी त्याला अम्माची गोष्ट सांगू लागले, पण त्याने कान झाकून घेतले. तुला येत नाही, अम्मालाच येते, म्हणाला. अब्बा थांबले. ती काय सांगायची, म्हणून त्यांनी मला विचारलं. खाडीच्या धक्क्यावर बसून त्यांनी सगळी गोष्ट ऐकली. मग पाण्याकडे बघत त्यांनी विचारलं,

"त्या घरात बाप होता का गं?"

"होता. कामावर गेला होता. येईल इतक्यात, असं अम्मा सांगायची."

अब्बा भावाला मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिले. नंतरच्या बोटीने त्यांनी आम्हाला रत्नागिरीला फुफूकडे, त्यांच्या बहिणीकडे पाठवलं. ते स्वतः दुबईतच राहिले, दोन-तीन वर्षांतून एकदा येत. सिनेमाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

भाऊ मोठा होऊन तिकडेच नोकरीला गेला. आता दुबईतल्याच अल कुसैसला राहतो. गेल्या वर्षी मी गेले होते. त्याच्या नातीने फोनवर जुनी कार्टून शोधून दाखवली. "धिस वन, दादी?" ती दर वेळी विचारायची. त्यातलं एकही ते नव्हतं. भाऊ शेजारी बसून बघत होता. नात शाळेला गेल्यावर म्हणाला, "मला अम्माचा चेहरा आठवत नाही गं. कितीही आठवून पाहिलं तरी नाही."

मी त्याला सांगू लागले. रंग सावळा होता, कपाळ रुंद, हसताना ती खाली बघायची. एवढं सांगून झालं आणि मला पुढचं आठवेना.