पिक्चर बघून आले आणि बाबांना मारलं

आमच्या घरात एक नियम आहे, आणि तो का आहे हे विचारायचं नाही हा दुसरा नियम. मोठ्या काकांच्या दारात पाऊल टाकायचं नाही. लग्न असो, बारसं असो, नाही म्हणजे नाही. फक्त घरात कोणी वारलं, तरच खबर द्यायला जायचं. टेमघर गावात आमच्या दोन घरांमध्ये एक गल्ली आहे, पण बाबा आणि काका या सख्ख्या भावांचं बोलणं बंद. कारण म्हणे गोदामाला दिलेल्या जागेची हद्द. माझं कॉलेज संपलं, ती हद्द मला अजून कोणी दाखवलेली नाही.

आता एवढा सरळ नियम माहीत असताना मी काय केलं? दुपारचा एक पिक्चर बघून आले आणि बाबांना मारलं. घाबरू नका, आत बसून टीव्ही बघतायत. माझ्याशी बोलत नाहीत, एवढंच.

पिक्चर तसा बरा होता. दोन भावांचं भांडण, मध्यंतरानंतर पुढचं सगळं आपल्याला आधीच कळतं, आणि पार्श्वसंगीत तर असं की, रडा आता, म्हणून मागे लागलेलं. पण त्यातला तो म्हातारा नट! धाकटा भाऊ असतो तो. शेवटी मोठ्याच्या दारात जातो, चौकटीला हात लावून उभा राहतो, ओठ हलतात आणि शब्द फुटत नाही. बाई गं. सगळा पिक्चर त्या माणसाने एकट्याने उचलला. माझी ओढणी ओली झाली.

बाहेर पडले तीच ठरवून. मोठ्यांना जमत नाही ना? मी जाते. रिक्षा तडक काकांच्या दारात.

काकी तांदूळ पाखडत होती. मी चौकटीला हात लावला. डोळे लाल, केस विस्कटलेले, बोलायला गेले तर हुंदकाच आला. अगदी त्या नटासारखं, फक्त मी काही अभिनय करत नव्हते.

काकीच्या हातातलं सूप खाली पडलं.

काका बनियनवरच बाहेर आले. माझ्याकडे बघितलं आणि उंबऱ्यावर बसले. "कवा गेला?"

डोक्यात प्रकाश पडायला मला वेळ लागला, कारण काका माझ्याशी बोलले याचंच मला रडू येत होतं. तोवर ते स्वतःशीच म्हणाले, "मी मोठा. आधी मी जायला पायजे होता."

मग मात्र मी, काका तसं नाही, बाबा बरे आहेत, असं सांगायला लागले. ऐकतंय कोण? काकीने हंबरडा फोडला होता, गल्ली गोळा झाली होती, आणि काका अनवाणी आमच्या घराकडे निघाले होते. मी मागे पळाले. रडत पळणारी पोरगी बघून ज्यांना शंका होती त्यांचीही फिटली.

घरात बाबा लुंगीवर, भाकरी आणि बोंबलाचं कालवण जेवत होते.

काका दारात थांबले. चौकटीला हात. ओठ हलतायत, शब्द नाही. समोर बाबा, घास हातात तसाच. खरं सांगते, त्या नटाने येऊन शिकावं असा तो सीन होता. बाबांच्या ओठांवर 'दादा' आलं होतं. मी बघितलं.

तेवढ्यात मागून गर्दीतल्या एकाने मान आत घालून बाबांनाच विचारलं, "मयत कुठाय?"

कोणीतरी हसलं. काकांचा चेहरा बदलला. ते वळले, गेले. बाबांनी घास ताटात ठेवला.

पिक्चरमध्ये तिथून पुढचा सीन कोणीतरी लिहून ठेवलेला असतो हो. माझ्याकडे नव्हता.

मग आमच्याकडे कोर्ट बसलं. बाबा, आई आणि खास बोलावलेली आत्या. शिकवून काय फायदा झाला, इथपासून सुरुवात. जिवंत माणसाचं मयत केलंस, आता उद्या खरंच कोणी गेलं तरी त्या घरचं कोणी येणार नाही, इथपर्यंत. शेवटी आत्याने निकाल दिला, "उद्या जायचा, पाया पडायचा आन् सांगायचा, परत या दारात येणार न्हाय."

"पाया पडेन," मी म्हटलं. "चुकलं म्हणेन. पण परत येणार नाही, असं मी म्हणणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही म्हणणार. तुम्ही सगळ्यांनी मला झाडलंत, पण काका उंबऱ्यावर बसून काय बोलले ते एकाने तरी विचारलंत का? म्हणाले, मी मोठा, आधी मी जायला पायजे होता."

आत्याने पदर सारखा केला. आई भिंतीकडे बघायला लागली. बाबा ताटातल्या त्या सुकलेल्या घासाकडे.

तेव्हापासून माझ्याशी कोणी बोललेलं नाही. दोन घरांतला अबोला मोडायला गेले होते मी, आता आमच्या एकाच घरात दुसरा सुरू झालाय.