गुळवेलीचे उंदीर

रघु घाडीच्या बोटांना मान चटकन सापडायची. लालबागच्या चिकनच्या दुकानात त्याने उमेदीची सगळी वर्षं कोंबड्या कापल्या. दुकान बंद झालं तेव्हा परळच्या एका संशोधन संस्थेने त्याला उंदरांच्या विभागात कंत्राटावर घेतलं, ते या हातांसाठीच. पांढऱ्या उंदराच्या मानेवर बोटं दाबायची, दुसऱ्या हाताने शेपूट ओढायची. आत बारीकसं कट् व्हायचं. मग संशोधन करणाऱ्या सेलिना मॅडम पोट फाडून पांथरी, म्हणजे प्लीहा, काढत आणि तिचं वजन करत.

"तुमच्या हाताखाली ते तडफडत नाहीत," मॅडम एकदा म्हणाल्या. "ही टेस्ट नीट पार पडू दे. तुम्हाला कायम करायला सांगते."

रघुला कायम व्हायचंच होतं. बायको, सीमा, गेल्यापासून करी रोडच्या खोलीत रिकामं बसणं म्हणजे त्याला रोजचा मार वाटे.

टेस्ट गुळवेलीची होती. गुळवेलीचा अर्क पोटात गेलेले उंदीर आजाराशी जास्त झगडतात का, ते बघायचं होतं. काही नर उंदरांच्या घशात रोज बोथट सुईने अर्क सोडायचा, बाकीच्यांच्या घशात नुसतं पाणी. मग सगळ्यांना आजाराचे सारखेच जंतू टोचले. कोण मरतं, कोण उरतं, ते मॅडम बघणार होत्या.

पाणीवाले भराभर मेले. केस उभे, डोळे चिकटलेले, कान कुरतडलेले. एका संध्याकाळी त्यांच्या शेवटच्या पिंजऱ्यात एकच उरला. अंगाचा गोळा करून तो थरथरत होता.

"एकटोच रवलो रे ह्यो," रघु म्हणाला.

पिंजरे धुणारा दौलत हसला. "मग काय, ह्याची सोयरीक जमवतोस? उद्या हा पण खपेल, रघ्या."

रघुच्या घरात मयत झाली की मागे राहिलेल्याला एकटं झोपू देत नाहीत. सीमा गेली तेव्हा चाळीतले बाप्ये आळीपाळीने त्याच्या खोलीत अंथरूण टाकत. अंधारात दुसऱ्याचा श्वास तेवढा ऐकू येई.

दौलत गेल्यावर रघुने तो उंदीर उचलला आणि शेजारच्या अर्कवाल्यांत सोडला. ते टवटवीत होते. ह्याला सोबत होईल, एवढंच त्याच्या मनात आलं.

सकाळी पिंजऱ्यातला भुसा लाल झाला होता. पाहुण्याचं पोट उघडं पडलं होतं. त्याला मारून बाकीचे थांबले नव्हते. ते एकमेकांवर उलटले होते. एकाची शेपूट सोललेली, एकाचा डोळा लोंबत होता. दोघे अजून एकमेकांना दातांत धरून गरगर फिरत होते. गुळवेलीने ताकद दिली असेल, तर ती त्यांनी अशी उधळली होती. रघुने मध्ये हात घातला. एकाने त्याच्या अंगठ्यात दात रुतवले.

"हा इथे कोणी टाकला?" मॅडमनी विचारलं.

"मी. एकटा होता म्हणून."

"एकटा? अहो, नर आहेत ते! अनोळखी नर आत आला तर फाडून खातात. निम्मे अर्कवाले या पिंजऱ्यात होते. आता आजाराने कोण मेलं आणि चाव्याने कोण, कसं सांगू मी?" त्यांचा आवाज चिरकला. "टेस्ट गेली. सगळे संपवा. ज्यांना काही झालं नाही तेसुद्धा."

"मग मी काम सोडून जातो, मॅडम."

"आधी संपवा."

रघु एकेक मान मोडत गेला. धडधाकट उंदीर हातात वळवळत, नखांनी ओरखडत. अंगठ्याचं रक्त त्यांच्या पांढऱ्या केसांना लागत राहिलं. शेवटचा ट्रेमध्ये ठेवून तो दाराशी उभा राहिला.

"कुठे निघालात?" मॅडम म्हणाल्या. "असा हात मला दुसरा मिळणार नाही. कायम करायचं मी वर बोलते. पण यापुढे पिंजऱ्यांना हात लावायचा नाही. खायला घालायचं नाही, पाणी द्यायचं नाही. तुम्ही फक्त मारायचं."

त्या गेल्यावर, सगळं ऐकत असलेल्या दौलतने रघुच्या पाठीवर थाप दिली. "मजा आहे रे बाबा तुझी! धुणं नाय, पुसणं नाय. यमाकडे परमनंट नोकरी!"

रघुने वळून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दौलत रिकाम्या पिंजऱ्यांवर कोसळला. रघुने त्याला कॉलर धरून उभा केला आणि आणखी एक ठोसा मारला.