लवू मेस्त्रीचा अंगठा

लवू मेस्त्रीने आयुष्यात होडीला मोजपट्टी लावली नाही. फळी खांद्याला टेकवायची, एक डोळा मिटायचा, दुसऱ्याने कडेवरून पार टोकापर्यंत बघायचं आणि तासणी हातात घ्यायची. त्याने बांधलेल्या सात-आठ होड्या मालवणच्या बंदरात अजून आहेत, त्यातली एकही पाण्यात कलत नाही. माणूस अडाणी नव्हता. सातवीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकला आणि बरा शिकला. पुढे तीन वर्षं कोल्हापुरात लाकडाच्या वखारीत होता. तिथून येताना पैसे आणले नाहीत, कुस्ती आणली.

आमच्या गावाला कुस्तीची परंपरा वगैरे काही नाही, उगाच कोणी सांगू नये. रवळनाथाच्या देवळामागे लवूने स्वतः हौदा खणला, माती चाळली, तीत ताक, तेल, हळद आणि कडुनिंबाचा पाला घातला, वर झावळ्या शाकारल्या. बक्षीस नाही, फेटा नाही. संध्याकाळी काम आटपून पंधरा-सोळा बाप्ये उतरायचे, तासभर एकमेकांना पाडायचे आणि माती अंगावर घेऊन घरी जायचे. गावचा पोस्टमन, भाताच्या गिरणीवाला, दोघे खलाशी, बाकीचे शेतकरी. बायका कपडे धुताना कुरकुरायच्या, पण गुत्त्यापेक्षा हौदा बरा म्हणून गप्प बसायच्या. मीही त्याच मताची होते.

लवूचा भाऊ सत्यवान. दोघांत वीस वर्षांचं अंतर. बाप लवकर गेला, तेव्हा सत्यवानला लवूनेच वाढवलं. चिऱ्यांच्या खाणीवर ट्रक चालवायचा. एस.टी.त ड्रायव्हर व्हायचं, एवढं एकच त्याने मनात धरलं होतं. ट्रक धुताना शिट्टी वाजवून घंटीची दोरी ओढल्यासारखा हात करायचा, म्हणजे कंडक्टरही हाच आणि ड्रायव्हरही हाच. अर्ज केला होता, गाडी चालवायची परीक्षा झाली होती. पत्राची वाट बघत होता.

जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला त्या वर्षीची गोष्ट. चतुर्थीला मुंबईची माणसं आली आणि डोळे घेऊन आली. ती साथ तेव्हा सगळीकडेच होती. रात्री निजलेला माणूस सकाळी उठे तो पापण्या चिकटलेल्या, डोळे रक्तासारखे. माझ्या शाळेतले निम्मे वर्ग रिकामे पडले. पोस्टमनच्या मुलाचे डोळे आल्याचं कळलं, त्याच संध्याकाळी लवूने हौद्याच्या तोंडाला बांबू आडवा बांधला. कोणी सांगायच्या आधी. गाल गालाला घासून कुस्ती खेळायची आणि डोळे येऊ द्यायचे नाहीत, हे जमायचं नाही, हे त्याला कळत होतं.

एस.टी.चं पत्र त्यानंतर दहा दिवसांनी आलं. सत्यवानची निवड झाली होती. रत्नागिरीला डॉक्टरी तपासणी, त्यात डोळ्यांची मुख्य. तारीख दसऱ्यानंतर बारा दिवसांची.

पत्र नंतर आलं, हे पुन्हा सांगते, कारण गावाने ते कधी ऐकलं नाही. गावाने उलटं जोडलं. लवूच्या भावाला नोकरी लागायची आहे, त्याचे डोळे जपायचे आहेत, म्हणून लवूने देवाचा हौदा बंद केला.

दसऱ्याआधी आठ दिवस देवळात सभा बसली. मी दिव्यात तेल घालायला गेले होते, ती खांबापाशी थांबले. अप्पा गावकार, म्हणजे आमचे पहिले मानकरी, सुपारी कातरत म्हणाले, "लवू, दसऱ्याक हौद्याची पूजा करूची आसा मा? की रत्नागिरीक इचारून घेवचा लागताला?"

लोक हसले.

लवू म्हणाला, "अप्पानू, हौदो मी बंद केलंय तेवा पत्र इलाच नव्हता."

"पत्र इला नसतला, वास इलो असतलो."

पुन्हा हसले. पोस्टमनही हसला. पत्र ज्याने स्वतःच्या हाताने दिलं होतं, त्याला तारीख माहीत होती. 

"हौदो देवाचो आसा रे," अप्पा म्हणाले, "तुझ्या भावाच्या नोकरेचो नाय. लोकां म्हयनोभर घराक बसली आसत. देवाक कौल लावया. उजवो कौल इलो तर उघडूचो, नाय तर नाय."

कौल म्हणजे देवाच्या अंगाला फुलाच्या कळ्या लावून प्रश्न विचारायचा आणि कुठल्या बाजूची पडते ते बघायचं; उजवी पडली तर देवाचा होकार. गावात लग्नं ठरतात त्यावर.

लवू म्हणाला, "देवाचे डोळे इले नाय, तेका कशाक इचारतास? जेंचे इले तेंचे बघूक व्हये."

हे बोलणं मला आवडलं. अजून आवडतं, आणि त्याचाच राग येतो. अप्पांनी अडकित्ता मिटला. "मगे तूच बघ. दसऱ्याच्या सकाळी. आणि सारख्या नजरेन बघ, घरच्याक एक आणि आमका एक नको."

दुसऱ्या दिवशी लवू माझ्या पडवीत आला. "बाईनू, पंधरा दिस थांबान चालात, की म्हयनो व्हयो?"

"दिवस कसले मोजतोस?" मी म्हटलं. "प्रत्येकाचं दुखणं वेगळ्या दिवशी सुरू झालं. डोळे बघ. खालची पापणी ओढायची, आत बघायचं. पांढरं असेल तर उतरव, लाल असेल तर घरी पाठव. अगदी ज्याचे परवापर्यंत लाल होते त्यालाही पाठव."

"येवढाच?"

"एवढंच."

तो उभाच राहिला. मला चुलीवरचं दूध दिसत होतं. "आणि काय?"

"काय नाय. बरा."

"सत्यवानाला उतरवू नको पण. त्याची तपासणी आहे."

"सलामी आमच्या घराची, बाईनू." दसऱ्याची पहिली कुस्ती वस्तादाच्या घरातल्या माणसाने खेळायची, असं लवूनेच पंधरा वर्षांपूर्वी ठरवलं होतं. "तो नाय उतरलो तर अप्पा म्हणतले, भावाक जपल्यान आणि आमच्या झिलांका मातयेत घातल्यान."

"म्हणू देत."

"तुमका म्हणणत नाय ते," लवू म्हणाला आणि गेला. दूध उतू गेलंच.

दसऱ्याला हौद्यापाशी बायकांनी जायचं नाही, त्यामुळे मी काही बघितलं नाही. नंतर ऐकलं ते असं, की सकाळी सोळा जण रांगेत उभे राहिले, लवूने एकेकाला उजेडाकडे तोंड करायला लावून डोळे तपासले आणि तिघांना परत पाठवलं. त्यात अप्पांचा पुतण्या होता.  गावात दिवसभर लवूच्या नजरेचं कौतुक चाललं होतं. नारळ फुटला, सत्यवानने सलामीची कुस्ती घेतली, गिरणीवाल्याला चितपट केलं. झटापटीत थोडी माती त्याच्याच डाव्या डोळ्यात गेली, ती हाताने चोळून काढली. संध्याकाळी सोनं वाटायला माझ्याकडे आला, तर केसांत अजून माती होती. "बाईनू, आता पुढच्या दसऱ्याक मी खाकीत येतंय," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तेरांतल्या अकरा जणांचे डोळे आले.

सत्यवानचा उजवा नुसता लाल झाला. डावा सुजून बंद. त्यांच्या आईने, राधाबाईने, त्यात मध घातला. पाचव्या दिवशी लवू त्याला घेऊन माझ्याकडे आला. मालवणच्या डॉक्टरकडे न्यायला बरोबर चला, म्हणायला. लवूचे स्वतःचे डोळेही लालच होते. सत्यवान पायरीवर ओला पंचा डोळ्यावर धरून बसला.

"बाईनू, तुमी सांगितलात तसाच केलंय," लवू म्हणाला. "एकय लाल आत सोडूक नाय. मगे खंयसून इला ह्यां?"

"केलंस कसं? दाखव."

त्याने सत्यवानचा पंचा बाजूला केला. उजव्या हाताचा अंगठा उजव्या डोळ्याच्या पापणीवर ठेवून ती खाली ओढली, वाकून बघितलं, मग डावी. अगदी फळीकडे बघतो तसं, मन लावून. मग अंगठा खाली मातीला पुसल्यासारखा केला आणि हवेतल्या पुढच्या माणसाच्या पापणीवर ठेवला. मग पुढच्या.

"हात कधी धुतलास?"

"सुरवातीक. पूजेच्या आधी."

"मध्ये?"

"मधी मातयेक पुसलंय. हौद्याची माती ती, बाईनू. तेच्यात हळद आसा, कडुनिंब आसा."

"ते तिघे लाल रांगेत कुठे होते?"

त्याने आठवून सांगितलं. दुसरा, पाचवा, नववा.

"आणि सत्यवान?"

"शेवटाक. आपलो माणूस शेवटाक बघूचो. नायतर म्हणतले, आधी घरच्याक पास केल्यान."

मी गप्प राहायला हवं होतं. डॉक्टरकडे जायचं होतं, तेवढंच बोलायला हवं होतं. पण मुलाने पाटीवर चुकीचं उत्तर लिहिलं की तिथल्या तिथे बोट ठेवायची सवय एकतीस वर्षांची. मी म्हटलं, "लवू, लाल डोळ्याला लावलेला अंगठाच तू पांढऱ्याला लावत गेलास. कुस्तीने काय व्हायचं ते नंतर. साथ तू रांगेतच वाटलीस. आणि शेवटी उभा राहिला त्याला सगळ्यांची मिळून दिलीस."

लवूने अंगठ्याकडे बघितलं. उलटा करून बघितलं. सत्यवान पायरीवरून म्हणाला, "जावंदे बाईनू, भावाक काय म्हायत?" आणि पुन्हा पंचा डोळ्यावर घेतला.

त्या एकतीस वर्षांत दर वर्षी मी आरोग्याच्या धड्यात हात धुण्याचं पान शिकवलं. लवूलाही शिकवलं होतं. पडवीत दूध बघत उभी होते, तेव्हा अर्ध्या वाक्याचं काम होतं: दर माणसामागे साबणाने हात धू. तो उभा राहिला होता तो बहुधा तेवढ्यासाठीच. हे लवूला मी कधी सांगितलं नाही. त्याची चूक सांगायला मला क्षण लागला नाही, माझी सांगायला सहा वर्षं पुरलेली नाहीत.

मालवणच्या डॉक्टरने आधी मध घातल्याबद्दल राधाबाईच्या नावाने शिव्या दिल्या, मग औषध दिलं. सूज उतरली, डोळा उघडला, पण बुबुळावर फूल पडलं होतं. पांढरं, तांदळाच्या दाण्याएवढं, नेमकं मधोमध.

तरी दोघे भाऊ रत्नागिरीला गेले. लवू नवस बोलला होता म्हणे, देवाला न विचारणारा लवू. परत आल्यावर सत्यवाननेच ती हकिगत नाक्यावर सांगितली, हसवायला. "उजवो डोळो झाकूक सांगितल्यान आणि म्हणालो, वाच. मी इचारलंय, डॉक्टरानू, पाटी खंय आसा?" लोक हसले. लवू तिथल्याच दुकानाच्या मागच्या बाजूला उभा होता.

ड्रायव्हर झाला नाहीच. खाणीवाल्यानेही ट्रक काढून घेतला. एका डोळ्याच्या माणसाच्या हातात घाटाची गाडी कोण देईल? सत्यवान लवूच्या हाताखाली होड्यांना काथ्याने फळ्या शिवायला लागला. गावाने लवूला दोष दिला नाही. गावाने म्हटलं, देवाचा कौल घेतला नाही त्याचं हे फळ. अप्पा गावकारांनी हे माझ्यासमोर म्हटलं, तेव्हा मी त्यांना विचारलं, की देवाने पोस्टमनच्या डोळ्यांना का सोडलं मग? तो तर पत्राची तारीख गिळून बसला होता. अप्पा म्हणाले, "बाई, तुमी शिकलेली माणसां." आणि सुपारी कातरायला लागले.

पुढच्या वर्षी साथ नव्हती. दसऱ्याआधी पुन्हा सभा, पुन्हा हौद्याचा विषय. या वेळी सगळे गोड. अप्पा म्हणाले, "लवू, आता कोणाचेच डोळे इले नाय. आता भिया कसला? उघड."

लवू म्हणाला, "तुमी उघडा. मी कोणाक हात लावचंय नाय."

आणि नाही लावला. अंगठ्याने माणूस चित करणारा तो वस्ताद, हौद्याकडे फिरकला नाही. शेवंतीने, त्याच्या बायकोने, मला सांगितलं की घरात तिच्याकडून पाण्याचा तांब्या घेतानाही तो खाली ठेवायला लावतो. होडीवर काम करताना दर फळीमागे उठतो, हात धुऊन येतो. नवीन होड्या त्यामुळे उशिरा होतात. कोळी चिडतात.

हौदा मात्र चालू झाला. आणि सत्यवान जातो. रोज. डावीकडचं त्याला दिसत नाही हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून सगळे डावीकडूनच घुसतात. खेळच तो, कोणी मुद्दाम करत नाही असं म्हणतात. तो पडतो, उठतो, पुन्हा हात मिळवतो.

परवा संध्याकाळी मी त्यांच्या बावीवरून येत होते. सत्यवान अंगाला माती लावून आला. लवू बावीच्या कठड्याशी बादली भरून, साबणाची वडी घेऊन उभा होता. शेवंती म्हणाली तो रोज असा उभा असतो. सत्यवानने हात पुढे केले. लवूने वरून, हाताला हात न लावता, पाणी ओतलं. मग आणखी ओतलं.

सत्यवान म्हणाला, "पुरे रे भाऊ. आता धुवन काय उपेग?"

लवूने बादली पुन्हा बावीत सोडली.

"दुसरो डोळो आसा मा," तो म्हणाला.