आंबट जहाज

तिला सगळे फडकेवाली म्हणत. खरं पदनाम लांबलचक होतं, पण ते हजेरीपटाबाहेर कधी पडलं नाही. काम एकच: साडेतीनशे वर्षं समुद्राच्या तळाशी लोळून वर आलेल्या लढाऊ जहाजाची लाकडं पुसणं. त्या लाकडांवर अठरा वर्षं मेणासारख्या द्रावणाचे फवारे मारले, मग ती सावकाश वाळवली आणि संचालकसाहेबांनी जाहीर केलं की जहाज आता अमर झालं. त्यानंतर काही वर्षांतच त्या अमर जहाजाला पिवळट भुकटी सुटायला लागली.

पाहुण्यांच्या नजरेला ती पडू नये म्हणून आठवड्यातून दोनदा पुसून टाकायचा हुकूम निघाला. बाई इमानेइतबारे पुसत राहिली, पण फडकी टिकेनात. धुऊन वाळत घातली की त्यांची चाळण झालेली. तिने भांडारातून नवी मागितली, पुन्हा मागितली, तेव्हा भांडारप्रमुखाच्या डोक्यात प्रकाश पडला: बाई फडकी घरी नेते! तसं पत्रच तिच्या हातात पडलं. भुकटीकडे बघायला वर्षभर कुणाला सवड नव्हती. फडक्यांसाठी मात्र चारजणांची समिती बसली.

"नेतेसच म्हणतात, तर आपल्या ओट्यासाठी एखादं आण की," सासूबाई म्हणाल्या. नवरा हसला. ती ताटावरून उठून गेली.

चौकशीला ती दोन गाठोडी घेऊन गेली. एकात नुसत्या फळ्या पुसलेली फडकी होती, धडधाकट. दुसऱ्यात गंजक्या बोल्टांभोवती फिरवलेली, भोकंच भोकं.

"ती भुकटी आंबट आहे," ती म्हणाली. "मी जिभेला लावून पाहिली."

साहेबांनी रुमाल नाकाशी नेला. शास्त्र असं चाटून होत नसतं, असं त्यांनी ऐकवलं. समितीत सगळ्यात कडेला बसलेली रसायनवाली मात्र गुपचूप उठली, भुकटीचा चिमूटभर नमुना घेऊन आली आणि तो ओला करून त्यात निळ्या लिटमस कागदाची पट्टी बुडवली. पट्टी लालभडक झाली.

मग उलगडा झाला. तळच्या गाळातलं गंधक लाकडात मुरलं होतं. हवा लागल्यावर, लोखंडी बोल्टांच्या गंजाच्या संगतीने, त्याचं आम्ल बनत होतं. जहाज आतून पोखरलं जात होतं आणि संस्था पुरावा आठवड्यातून दोनदा पुसत होती.

या शोधावर निबंध छापून आला. नऊ नावं, पहिलं साहेबांचं. आभारात भांडारप्रमुखसुद्धा होते. बाईंना आम्लाचं सूत्र लिहिता येत नाही, म्हणून त्यांचं नाव गाळलं, हे सांगताना रसायनवालीची मान खाली होती.

पाच हजार बोल्ट बदलायचे ठरले. सुरुवात कुठून करायची, हे नऊ नावांपैकी कुणालाच सांगता येईना. साहेब स्वतः जहाजाच्या पोटात उतरले, बाईला विचारायला.

"आधी ते चोरीचं पत्र मागे घ्या," ती म्हणाली. "लेखी."

बघू, म्हणाले. ती स्टुलावर बसून राहिली. दुपारच्या आत कागद आला, सहीसकट.

तिने खडूने खुणा केल्या. पहिला बोल्ट उपसला तो झिजून बोटाएवढा उरलेला, आणि भोवतालचं लाकूड भुसा होऊन तिच्या ओंजळीत पडलं. सगळे बोल्ट बदलायला बारा वर्षं लागणार होती, तिच्या नोकरीची सातच उरली होती. तिने रसायनवालीला हाक मारली, खडू तिच्या हातात दिला आणि पुढच्या रांगेतले आजारी बोल्ट ओळखायला सांगितले.