नऊ डोक्यांची बाई

कटिंग खात्यात तिला पाठीमागे 'नऊडोकी' म्हणत, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. खरा माणूस उभा केला तर त्याची उंची त्याच्याच साडेसात डोक्यांएवढी भरते. फॅशनच्या चित्रातली बाई मात्र नऊ डोक्यांची काढायची, असा या धंद्याचा रिवाज. वाढलेली दीड डोकी सगळी पायांत जातात. असल्या लांबटांग्या बायका ती बाविसाव्या वर्षापासून काढत होती. आधी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींसाठी, मग या कपड्यांच्या कंपनीत, आणि आता सेहेचाळिसाव्या वर्षी तिथलीच क्रिएटिव्ह डायरेक्टर होऊन. म्हणजे नक्की काय करतेस, असं आईने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चित्रं मीच काढते आणि सगळ्यांवर ओरडतेही मीच."

"मग यात नवीन काय?" आई म्हणाली.

हात मात्र तिचा विलक्षण. ओल्या ब्रशचा एक फटकारा मारला की कागदावर रेशीम सळसळे, दुसरा मारला की लोकर जड होऊन खाली येई. बाईंचं चित्र जसंच्या तसं अंगावर उतरतं, असं बाहेरचे लोक म्हणत. एवढी वर्षं एकच गोष्ट कानावर पडली की माणूस ती खरी धरून चालतो. तिनेही धरली.

तिची चित्रं कापडात उतरवणारे कटिंग मास्तर पहिल्या दिवसापासून तेच होते. बोलणं कमी, हातात कायम टेप. ते बासष्टचे झाले तेव्हा मालकांनी तिलाच विचारलं, ठेवायचं का? तिने फारसा विचार केला नाही. आता कापड कापायचे पॅटर्न कॉम्प्युटरवर निघतात, म्हणाली, मास्तरांना जरा विश्रांती मिळू दे. निरोपाच्या दिवशी तिने भाषणही झकास ठोकलं.

त्यानंतरचा पहिलाच फॅशन शो आठ दिवसांवर आला होता. बावीस कपडे, सगळे तिच्या नावावर. नव्या कटरबाईने कापलेला पहिला नमुना फिटिंगच्या पोरीने अंगात घातला. कोट होता. पोरीने खिशात हात घालायला बघितलं आणि ती वाकली. अजून वाकली. खिसा गुडघ्यापाशी होता. दुसरा नमुना झग्याचा; तो तर तिने हातात घेऊन उलटासुलटा केला आणि हळूच विचारलं, "मॅडम, यात शिरायचं कुठून?"

नऊडोकीचा राग नाकाच्या शेंड्यावरच असायचा. तिने नव्या कटरबाईला असं काही फैलावर घेतलं की शिलाई मशिनी थांबल्या. "मास्तरांच्या हातून असं एकदा तरी झालं होतं का?"

कटरबाई शिकलेली होती आणि घाबरणारी नव्हती. "चित्रात आहे तसंच कापलंय, मॅडम. मोजून बघा."

मोजलं. तसंच होतं. मग कटरबाईने भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेले मास्तरांचे जुने कागदी पॅटर्न काढले आणि कपाटातली जुनी चित्रं त्यांच्या शेजारी मांडली. चित्रात खिसा खाली, पॅटर्नवर वीतभर वर. चित्रात बाही जोडायचा मुंढा इतका चिंचोळा की हात उचलायची सोय नाही; पॅटर्नवर चांगला खोल. आणि जिथे तिने ना बटण काढलं होतं ना चेन, तिथे बगलेखालच्या शिवणीत लपवलेली चेन. एक नाही, दोन नाही, ओळीने सगळ्या पॅटर्नवर. ज्या कौतुकावर नऊडोकी इतकी वर्षं मिरवली, त्यातलं निम्मं दुसऱ्याचं होतं, आणि त्या दुसऱ्याला तिनेच घरी पाठवलं होतं.

चित्रांची गुंडाळी बगलेत मारून ती तशीच मास्तरांच्या घरी गेली. मास्तर खिडकीशी बसून लसूण सोलत होते. घरी बसवलेल्या पुरुषाला बायको पहिलं काम हेच देते.

"चुकले मी, मास्तर," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "तुम्ही काय करत होतात ते मला आज कळलं. परत या. आठ दिवस राहिलेत."

"बसा आधी." त्यांनी लसणाचं ताट बाजूला सारलं. बोटांना चिकटलेली सालं काढत ते म्हणाले, "चूक माझीही आहे, बाई. पहिल्याच वर्षी तोंडावर सांगायला हवं होतं. पण चित्र इतकं देखणं असायचं, की जीभ रेटायची नाही."

"पहिल्या वर्षी ठीक आहे. पण नंतर?"

"नंतर वाटलं, बाईंना हे आलं तर आपली गरज काय राहणार?" मास्तर खाली बघत म्हणाले. "म्हणून गप्प बसलो. इतका गप्प बसलो, की मी काय करतो ते तुम्हाला कळलंच नाही, आणि तुम्ही जा म्हणालात."

तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. मास्तरांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारापर्यंत आली आणि तशीच माघारी गेली. मग नऊडोकीने गुंडाळी उलगडून कोटाचं चित्र त्यांच्यापुढे सरकवलं आणि पर्समधलं पेन काढून दिलं.

"खिसा कुठे पाहिजे ते दाखवा."

"पॅटर्नवर दाखवतो ना उद्या," मास्तर म्हणाले. "चित्र कशाला बिघडवायचं?"

"चित्रावरच दाखवा. मला बघू दे."

मास्तरांनी तिच्या चित्रावर आजवर रेघ मारली नव्हती. त्यांनी हात सदऱ्याला दोनदा पुसला, आणि तिचा खिसा खोडला.